फुटण्याआधीची लाट : जॉन सेव्हर्सन यांची चित्रं, छायाचित्रं आणि एक मासिक

विषयाची पाटी वाचून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाचा माणूस सर्फिंगवर काय बोलणार. शंका रास्त आहे. सर्फिंग आम्हाला येत नाही, आणि या वयात ते शिकण्याचा विचारही नाही. आम्ही बोलणार आहोत ते चित्राबद्दल. जी वस्तू क्षणभरही एका जागी राहत नाही, जिला ‘वस्तू’ म्हणावं की नाही इथपासूनच वाद आहे, तिचं चित्र काढायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हा आजचा प्रश्न आहे. त्यासाठी एक असा माणूस निवडला आहे, ज्याने आयुष्याची साठ वर्षं लाटा रंगवण्यात, चित्रित करण्यात आणि छापण्यात घालवली. त्याचं नाव जॉन सेव्हर्सन. जन्म १९३३, मृत्यू २०१७. जन्म कॅलिफोर्नियाचा, अखेर हवाईतल्या माउई बेटावर.

कलेच्या इतिहासाच्या पुस्तकांत हे नाव तुम्हाला सापडणार नाही. सर्फिंगच्या इतिहासात ते पहिल्या पानावर आहे. ही तफावत योग्य आहे की अयोग्य, याबद्दल आमचं मत पुढे येईलच.

आधी माहिती थोडक्यात. सेव्हर्सन किशोरवयात सान क्लेमेंटे या समुद्रकाठच्या गावात राहायला आले आणि तिथे त्यांना लाटेचा नाद लागला. शिक्षण कलेचं, लाँग बीच इथल्या स्टेट कॉलेजात. मग सक्तीच्या लष्करभरतीत नाव आलं आणि नशिबाने नेमणूक झाली हवाईत. सैनिक म्हणून ते तिथे गेले, पण फावल्या वेळात ओआहू बेटाच्या किनाऱ्यांवर मकाहा, सनसेट, वायमेआ या ठिकाणी लाटांवर जाणं, त्यांची चित्रं काढणं आणि सोळा मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने त्यांचं चित्रीकरण करणं, हा खरा उद्योग होता. १९५८ मध्ये ‘सर्फ’ नावाचा पहिला चित्रपट झाला. पुढे ‘सर्फ सफारी’, ‘सर्फ फीव्हर’, ‘बिग वेन्सडे’ असे एकामागून एक आले. १९६० मध्ये ‘सर्फ फीव्हर’च्या प्रचारासाठी त्यांनी ३६ पानांची एक पुस्तिका काढली, ‘द सर्फर’. तिचंच पुढे नियतकालिक झालं आणि ते २०२० पर्यंत छापील स्वरूपात चाललं. साठ वर्षं. आपल्याकडच्या किती नियतकालिकांना इतकं आयुष्य लाभलं ते तुम्ही मोजा.

चरित्र एवढं पुरे. आता लाटेकडे येऊ, कारण लाट समजल्याशिवाय चित्र समजणार नाही.

आमच्या धंद्यातल्या लोकांनी, म्हणजे तत्त्वज्ञांनी, लाटेचा दृष्टांत इतका वापरला आहे की तो गुळगुळीत झाला. लाट आणि पाणी वेगळे नाहीत, तसं जग आणि ब्रह्म वेगळे नाहीत. हे कीर्तनापासून परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. पण मूळ ठिकाणी जाऊन बघा. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात हा दृष्टांत दिला आहे आणि तिथे दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की फेस, लहान लाटा, मोठ्या लाटा, बुडबुडे हे सगळे पाण्याहून वेगळे नाहीत. दुसरी अशी की तरीही ते एकमेकांहून वेगळे आहेत. फेस म्हणजे लाट नव्हे, लाट म्हणजे बुडबुडा नव्हे. त्यांचं एकमेकांत मिसळणं, एकमेकांवर आदळणं हे व्यवहार खरोखर दिसतात. आचार्यांना तिथे भोक्ता आणि भोग्य यांतला भेद सांभाळायचा होता, म्हणून हा दुसरा अर्धा भाग त्यांना हवा होता. परंपरेने पहिला अर्धा पाठ केला आणि दुसरा टाकून दिला, अशी आमची जुनी तक्रार आहे. वर्गात ही तक्रार केली की विद्यार्थी माना डोलवायचे आणि उत्तरपत्रिकेत पुन्हा पहिलाच अर्धा लिहायचे.

लाटेचा चित्रकार हा त्या दुसऱ्या अर्ध्याचा माणूस असतो. ‘शेवटी सगळं पाणीच’ असं म्हणून त्याचं भागत नाही. त्याला फेस कुठे संपतो, लाटेची भिंत कुठे सुरू होते, कड कुठे पातळ होऊन तिच्यातून उजेड येतो, हे बघावंच लागतं.

आता भौतिकशास्त्राचा मुद्दा. तो आम्हाला फार मोलाचा वाटतो. उत्तर पॅसिफिकमध्ये हिवाळ्यात वादळ होतं. हजारो किलोमीटर दूर हवाईच्या उत्तर किनाऱ्यावर काही दिवसांनी लाटा येतात. तर वादळाजवळचं पाणी हवाईला आलं का? नाही. खोल समुद्रात पाणी जवळजवळ जागच्या जागी गोल फिरतं. तरंगता नारळ लाट आली की वर जातो, थोडा पुढे जातो, खाली येतो, मागे सरतो. पुढे जातो तो आकार, ती ऊर्जा. म्हणजे ‘लाट म्हणजे पाणी’ हे वाक्य जरा बेताने वापरायला हवं. लाट ही पाण्यामधून चाललेली एक रचना आहे. दर क्षणी ती नवं पाणी वापरते आणि जुनं सोडून देते. ॲरिस्टॉटलला ही गोष्ट सांगितली असती तर तो खूश झाला असता. आकार आणि द्रव्य यांचा इतका सुटा संसार दुसरीकडे क्वचितच दिसतो.

पण किनाऱ्याजवळ काय होतं ते बघा. तळ वर येतो, लाटेचा वेग कमी होतो, ती दाटते, उंच होते. खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट ते दीडपट एवढीच उरली की माथा पायथ्याच्या पुढे निघून जातो आणि लाट फुटते. आता मात्र पाणी खरोखर पुढे फेकलं जातं. हजारो किलोमीटर नुसता आकार म्हणून प्रवास करणारी गोष्ट शेवटच्या काही सेकंदांत वजनदार, कोसळणारं पाणी होते. सर्फर नेमका तिथे असतो. फुटलेला भाग आणि न फुटलेला भाग यांच्या मधल्या सीमेवर, लाटेच्या भिंतीवरून आडवा घसरत. ती सीमा धावत असते आणि तिच्याबरोबर तोही धावत असतो. समोर पाण्याची भिंत उभी राहते आहे, पाठीमागे ती कोसळते आहे.

हवाईच्या मूळ भाषेत या खेळाला ‘हेए नालू’ म्हणतात. लाटेवरून सरकणं, असा सरळ अर्थ. आणि कोशात ‘नालू’ या शब्दाला लाटेखेरीज मनन करणं, चिंतन करणं असाही अर्थ दिलेला आहे. यावरून लगेच कोणी थोर निष्कर्ष काढू नयेत. एका ध्वनीचे दोन अर्थ सगळ्याच भाषांत असतात. पण आम्हाला ते वाचून बरं वाटलं, एवढं कबूल करतो.

आता चित्राकडे. लाटेचं चित्र सेव्हर्सन यांनी शोधलं नाही. पडद्यावर पहिलं आहे ते होकुसाईचं, साधारण १८३१चं, सगळ्यांनी कपांवर आणि टी-शर्टवर पाहिलेलं. दुसरं गुस्ताव कूर्बेचं, १८६९-७० च्या सुमाराचं. फ्रान्सच्या एत्रता गावी त्याने लाटांची मालिकाच रंगवली. तिसरा फोटो आहे, गुस्ताव ल ग्रेचा, १८५७चा, सेत या बंदरातली मोठी लाट. हा फोटो नीट बघा. क्षितिजावर ढग एकदम कापल्यासारखे थांबतात. त्या काळच्या रसायनांना आकाश आणि समुद्र एकाच काचेवर नीट पकडता येत नसे, म्हणून ल ग्रेने दोन निगेटिव्ह जोडल्या. एका वेळचा समुद्र, दुसऱ्या वेळचं आकाश. म्हणजे लाटेचा जो ‘क्षण’ म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या, तो क्षण मुळात घडलाच नव्हता. जुळवलेला होता. छायाचित्र सत्य सांगतं आणि चित्र कल्पना करतं, ही विभागणी लाटेच्या बाबतीत सुरुवातीपासूनच डळमळीत आहे, हे यावरून लक्षात ठेवा.

या तिघांत बघणारा कुठे उभा आहे? कूर्बे किनाऱ्यावर. ल ग्रे किनाऱ्यावर, कारण त्याचा कॅमेरा तिवईवर. इमॅन्युएल कांटने १७९० च्या ग्रंथात उदात्ताची चर्चा करताना खवळलेला समुद्र हेच उदाहरण घेतलं आहे, आणि अट घातली आहे की आपण सुरक्षित जागी असलं पाहिजे. भीतीदायक गोष्ट दिसली पाहिजे, पण प्रत्यक्ष भीती वाटता कामा नये. तेव्हाच आपल्यातल्या विवेकाचं मोठेपण आपल्याला जाणवतं. कांट कोनिग्सबर्गच्या परिसराबाहेर फारसा कधी गेला नाही, हे जाता जाता. होकुसाईची गोष्ट निराळी. त्याच्या चित्रात माणसं लाटेच्या आत आहेत. नावांतले नावाडी वल्ह्यांवर वाकून बसले आहेत. पण ते लाटेकडे बघत नाहीत. बघायला त्यांना फुरसत नाही.

सर्फरला मात्र बघावंच लागतं. तो असुरक्षित जागी आहे आणि तरीही बारकाईने बघतो आहे, कारण न बघितलं तर पडेल. कांटच्या मांडणीत हा माणूस बसत नाही. तो भीतीवर विचाराने मात करत नाही, शरीराने करतो. आणि हा माणूस जर चित्रकारही असेल, तर लाटेच्या चित्राला आजवर नसलेली एक जागा मिळायला हवी. सेव्हर्सन यांच्याकडून आमची अपेक्षा इथून सुरू होते.

ती पुरी होते का? त्यांची पन्नाशीच्या दशकातली चित्रं बघा. कोनदार आकार, घनवादाचं वळण, जाड काळ्या रेषा, लांबलचक फळ्या उभ्या-आडव्या. माणसं बिनचेहऱ्याची. कला-महाविद्यालयात त्या काळी जे शिकवलं जाई त्याचा ठसा स्पष्ट आहे, आणि जॅझच्या काळातल्या भित्तिपत्रकांचाही. पण या चित्रांत एक गोष्ट अस्सल आहे. लाट म्हणजे निळा कापूस नाही, ती पैलू पाडलेली, उतार असलेली जागा आहे. जिच्यावर उभं राहता येतं अशी. किनाऱ्यावरून बघणाऱ्याला लाट म्हणजे पडदा वाटतो. तिच्यावर गेलेल्याला ती जमीन वाटते, उतरणीची जमीन. हे ज्ञान पायांतून आलं आहे आणि ते त्या कोनांमध्ये उतरलं आहे. कूर्बेच्या लाटेला वजन आहे, तसं वजन सेव्हर्सनमध्ये नाही. पण कूर्बेच्या लाटेवर पाय ठेवता येणार नाही.

छायाचित्रांचं काय? इथे आमची पहिली हरकत येते. त्या काळातली सर्फिंगची बहुसंख्य छायाचित्रं आणि चित्रपट किनाऱ्यावरून घेतलेले आहेत. लांब भिंगाचा कॅमेरा, तिवई, वाळू. म्हणजे लाटेवर जाऊन आलेला माणूस कॅमेरा हातात घेतला की पुन्हा कांटच्या खुर्चीवर येऊन बसतो! दूरवरून लांब भिंगाने काढलेल्या चित्रात अंतरं दाबली जातात. मागच्या लाटा पुढच्या लाटेवर रचल्यासारख्या दिसतात, भिंत आहे त्याहून उभी वाटते, आणि माणूस त्या भिंतीवर चिकटवलेल्या चिन्हासारखा. दिसायला भव्य. पण त्या माणसाला काय दिसत होतं, ते यात अजिबात नाही.

पाण्यात कॅमेरा नेणारे लोक होते. १९३० च्या दशकात डॉक बॉल यांनी जलरोधक पेटी केली होती. साठीच्या दशकात लिरॉय ग्रॅनिस यांनी अशी पेटी केली की पाण्यात बसल्या बसल्या फिल्म बदलता येई. आणि जॉर्ज ग्रीनो यांनी तर अवजड कॅमेरा अंगावर बांधून लाटेच्या पोकळीच्या आतून चित्रीकरण केलं. त्यांचा चित्रपट १९७० च्या सुमारास आला तेव्हा लोकांनी लाट पहिल्यांदा आतून पाहिली. या क्रमात छायाचित्रकार म्हणून सेव्हर्सन यांची जागा पहिल्या ओळीत नाही, असं आम्हाला वाटतं. त्यांचे चाहते रागावतील. रागावू देत.

मग त्यांचं खरं काम कोणतं? आमचं उत्तर असं की पान. मासिकाचं पान.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. सेव्हर्सन यांचे चित्रपट शाळांच्या सभागृहांत, भाड्याच्या हॉलमध्ये दाखवले जात. चित्रपट मूक असे, दिग्दर्शक स्वतः बाजूला उभा राहून प्रत्यक्ष बोलत असे, पोरं ओरडत, शिट्ट्या मारत. भित्तिपत्रकं स्वतः काढलेली. आपल्याकडे चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र पुढे धरून गोष्ट सांगत, त्याची आठवण व्हावी असा हा प्रकार. अशा खेळात लाट तिच्या खऱ्या स्वरूपात असते, म्हणजे काळात. ती उठते, धावते, संपते. आणि संपली की पडद्यावरूनही जाते. १९६० मध्ये त्यांना कागदावर यायचं होतं. कागद स्थिर. तर काय करायचं? चित्रफितीची सवय लागलेल्या या माणसाने पान चौकटींनी बांधायला सुरुवात केली. एका घसरणीचे टप्पे एकाशेजारी एक, मग एक मोठी रिकामी लाट पानभर, मग रेखाचित्र, मग व्यंगचित्र. लायब्निझने समुद्राच्या गाजेबद्दल लिहिलं आहे की ती गाज म्हणजे प्रत्येक छोट्या लाटेचा आपल्याला सुटा न जाणवणारा आवाज, पण सगळे मिळून ऐकू येतात. पान तसं वाचायचं. एकेका छायाचित्रात लाट नाही. दोन छायाचित्रांच्या मधल्या कोऱ्या पट्टीत आहे. तिथे आपली नजर ती पुरी करते.

पहिली पुस्तिका सेव्हर्सन यांनी जवळजवळ एकहाती केली. पुढे त्यांनी माणसं जमवली आणि ती निवड त्यांच्या डोळ्याची साक्ष देते. रिक ग्रिफिन नावाचा कोवळा पोरगा १९६१ पासून त्यांच्याकडे ‘मर्फी’ ही व्यंगचित्रमाला करू लागला. हाच पुढे सान फ्रान्सिस्कोच्या संगीतविश्वातला मोठा भित्तिपत्रककार झाला. रॉन स्टोनर यांच्या रंगीत छायाचित्रांनी साठीच्या दशकात त्या मासिकाला तो सोनेरी-निळा उजेड दिला, जो आजही ‘कॅलिफोर्निया’ म्हटल्यावर जगभर डोळ्यांसमोर येतो. संपादन ही सर्जनशील कला आहे हे आपण ‘सत्यकथे’च्या संदर्भात मान्य करतो ना? मग इथेही करायला हरकत नसावी.

आता ज्या गोष्टीसाठी हे व्याख्यान द्यावंसं वाटलं, ती.

त्या पहिल्याच अंकाच्या शेवटी सेव्हर्सन यांनी एक छोटा मजकूर छापला. त्याचा आशय असा की जग गर्दीचं झालं असलं तरी सर्फरला अजून त्याचा उत्तम दिवस आणि उत्तम लाट सापडू शकते आणि तिथे तो आपल्या विचारांसोबत एकटा असू शकतो. सर्फिंगच्या दुनियेत हा मजकूर मंत्रासारखा झाला. आता प्रश्न असा की तो छापला कुठे? विकण्यासाठी काढलेल्या पुस्तिकेत. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५९ मध्ये, ‘गिजेट’ हा हॉलिवूडचा चित्रपट आला होता. १९६१ मध्ये बीच बॉइज गाऊ लागले. किनारे भरू लागले होते. अशा वेळी एकांताचं चित्र हजारोंच्या संख्येने छापलं, तर काय होणार? एकटा माणूस आणि रिकामी लाट हे चित्र बघून जो तो तिथे जाणार, आणि तिथे गेल्यावर त्याला दुसरे शंभर जण दिसणार, जे तेच चित्र बघून आलेले आहेत.

यावर सोपी उत्तरं दोन आहेत. एक म्हणजे सेव्हर्सन ढोंगी व्यापारी होते. दुसरं म्हणजे बिचारे भाबडे होते, परिणाम कळला नाही. दोन्ही आम्हाला पटत नाहीत. ते स्वतः लाटेवर जाणारे होते; गर्दी त्यांच्याच लाटेवर येणार होती, हे त्यांना दिसत होतं. आम्हाला असं वाटतं की अडचण त्या माणसाच्या स्वभावात नसून प्रतिमेच्या स्वभावात आहे. एकांत अनुभवता येतो, पण एकांताची प्रतिमा ही मुळातच दुसऱ्याला दाखवण्यासाठी असते. चित्र काढलं त्या क्षणी तिथे दोघं झाले, लाटेवरचा एक आणि बघणारा एक. छापलं की हजार. आपल्याकडे कोकणातल्या एखाद्या निवांत किनाऱ्यावर कुणी प्रेमाने लिहितो आणि पाच वर्षांनी तिथे वाहनतळ होतो, ही याच जातीची गोष्ट आहे. लिहिणाऱ्याला दोष द्यायचा का? आम्ही दोष देणार नाही. पण त्याला निर्दोष सोडायलाही मन तयार होत नाही, आणि सेव्हर्सन यांनाही ते सोडवलं गेलं नसावं, असं त्यांच्या पुढच्या कामावरून दिसतं.

कारण पुढे काय झालं बघा. सेव्हर्सन सान क्लेमेंटेजवळ कॉटन्स पॉइंटला राहत होते. १९६९ मध्ये शेजारचा वाडा घेतला कोणी, तर राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी. आणि या लाटांच्या छायाचित्रकाराने समुद्रकिनारी फिरणाऱ्या निक्सन यांचे फोटो काढले आणि ते ‘लाइफ’ साप्ताहिकाला दिले. गंमत म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. आम्हाला त्यात गंमतीपेक्षा जास्त काही दिसतं. एकांत शोधत किनाऱ्यावर आलेला माणूस, आणि त्याच्या एकांताचं चित्र काढून ते लाखोंना दाखवणारा माणूस. सेव्हर्सन यांनी लाटेवरच्या माणसाचं जे दहा वर्षं केलं होतं, तेच इथे वेगळ्या पात्रावर झालं.

१९७० मध्ये ‘पॅसिफिक व्हायब्रेशन्स’ हा त्यांचा शेवटचा मोठा चित्रपट आला, भित्तिपत्रक ग्रिफिनचं. त्यात किनाऱ्यांचं प्रदूषण, माणसाने समुद्राचं केलेलं नुकसान हा सूर आहे. त्यानंतर लवकरच त्यांनी मासिक विकलं आणि ते कुटुंबासह हवाईत, माउईला गेले. छापणारा माणूस छापखान्यापासून दूर गेला. त्यांच्या चरित्रात याला सुखी निवृत्ती म्हणतात. तसं असेलही. आम्हाला मात्र त्यात आणखी एक अर्थ दिसतो. इतरांसाठी लाट दाखवून झाल्यावर आता एक कागद, एक लाट आणि मधे कोणी नाही, असं करून बघायचं होतं.

आता दुर्दैवाने आम्हाला कठोर व्हावं लागेल. माउईची ती पुढची चित्रं. हिरवे डोंगर, माड, नीलमण्यासारखं पाणी, पांढरा फेस, एखादी छोटी आकृती. रंग स्वच्छ, हात सराईत. ती घरात लावावीशी वाटतात, आणि त्यांची अडचण तीच आहे. पन्नाशीच्या दशकातल्या चित्रांत उतार होता, तोल जाण्याची शक्यता होती. इथे लाट पुन्हा पडदा झाली. सुखी माणसाने वाईट चित्रं काढली, असं म्हणणं क्रूर वाटेल, आणि ती वाईट नाहीतच, ती निर्धोक आहेत. गर्दीपासून दूर, हवा तो एकांत मिळाल्यावर चित्रातला ताण गेला. जोवर लाट त्यांना विकावी लागत होती, छापावी लागत होती, बारा पोरांच्या आरडाओरड्यात बडबडून दाखवावी लागत होती, तोवर तिच्यात जीव होता. म्हणून आम्ही त्यांना चित्रकार म्हणून दुय्यम मानतो, छायाचित्रकार म्हणून चांगले मानतो, आणि पान बांधणारे, म्हणजे लाटेला काळातून कागदावर आणणारे कलावंत म्हणून पहिल्या दर्जाचे मानतो. कलेच्या इतिहासात त्यांना जागा नाही, कारण त्या इतिहासात अजून पानाला जागा नाही.

वेळ थोडा उरला आहे. प्रश्न घेऊ. मागे बसलेल्या बाईंचा प्रश्न सगळ्यांना ऐकू आला नसेल, म्हणून परत सांगतो. त्या मालवणच्या आहेत. त्या म्हणतात, आमच्याकडे रापण ओढणारे लोक लाट बघतात ती होडी पाण्यात कधी घालायची हे ठरवायला. लाट म्हणजे त्यांना आडवा येणारा प्रकार. या सर्फिंगवाल्यांच्या चित्रांत असा कामाचा समुद्र कुठे आहे?

बाई, चांगलं विचारलंत. नाही. जवळजवळ कुठेच नाही. होकुसाईच्या लाटेतले लोक कामावर निघालेले आहेत. सेव्हर्सन यांच्या लाटेतले लोक सुट्टीवर आहेत. आणि त्यात आणखी एक उणीव जोडा. सेव्हर्सन हवाईला पोचले तेव्हा ते अजून अमेरिकेचं राज्यही नव्हतं. राज्य झालं १९५९ मध्ये. तिथलं राजघराणं १८९३ मध्ये उलथवलं, बेटं १८९८ मध्ये खालसा केली. हेए नालू ही त्या लोकांची विद्या. तिथल्या सरदारांच्या खास लाटा असत, खास लाकडाच्या फळ्या असत, आणि मिशनऱ्यांच्या काळात ती जवळजवळ बंद पडली होती. वायकिकीच्या ड्यूक कहानामोकू यांनी ती विसाव्या शतकात जगभर नेली. आता सेव्हर्सन यांच्या रिकाम्या किनाऱ्यांकडे पुन्हा बघा. किनारा रिकामा आहे, असं दाखवण्यासाठी तिथे आधीपासून राहणाऱ्यांना चौकटीबाहेर ठेवावं लागतं. एकांताचं चित्र ते असं तयार होतं. हे एकट्या सेव्हर्सन यांचं पाप नाही, त्या काळच्या सगळ्या कॅमेऱ्यांचं आहे, पण त्यांच्याही आहेच. मासिकात हवाईचे मोठे सर्फर दिसतात, नावानिशी दिसतात. दिसत नाही ते त्यांचं गाव, त्यांचं घर, आणि संध्याकाळी जाळं ओढणारा त्यांचा काका.

आणखी एक हात वर आहे. कॅमेरा आतून लाट दाखवतो आहे, आता तर मनगटाला बांधायचे कॅमेरे आले आहेत, तर मग चित्र कशाला, असा प्रश्न आहे. या, ही दोन चित्रं शेजारी लावून बघू. डावीकडे हल्लीचं, पाण्याच्या पोकळीच्या आतून काढलेलं छायाचित्र आहे. उजवीकडे सेव्हर्सन यांचं जुनं, कोनदार चित्र. डावीकडे प्रत्येक थेंब दिसतो, पण सगळे थेंब थांबलेले आहेत. उजवीकडे थेंब एकही नाही. आता उजवीकडच्या फळीचा कोन बघा, आणि तिच्यावरच्या माणसाचा गुडघा बघा. तो पुढच्या क्षणी पडणार की सावरणार, हे तुम्हाला ठरवता येतं का?